रॅगटाइमवर बसणारा नाच

आमचा अमेरिकेतला घरमालक जिना चढताना मध्येच थांबायचा. दम लागायचा म्हणून नाही. त्याच्या डोक्यात कुठली तरी चाल चालू असायची आणि ती संपल्याशिवाय तो पुढची पायरी घ्यायचा नाही. मी आपली दार उघडून उभी. तो जिन्याच्या मधोमध, एक पाय वर, एक पाय खाली, डोळे मिटलेले. मग मान हलवायचा, वर यायचा आणि म्हणायचा, "गुड मॉर्निंग, आई."

माझी सून मला आई म्हणते ते ऐकून त्याला वाटलं, माझं नावच ते आहे. माझ्यापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस. मीनलनं, म्हणजे सुनेनं, त्याला एकदा नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, असू दे, म्हणायला सोपं आहे.

हे ट्रॉयचं सांगतेय, मिशिगनमधल्या. माझा मुलगा संजू तिथं एका गाड्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. २००३ च्या थंडीत मी त्यांच्याकडे गेले. घराचा वरचा मजला आमच्याकडे भाड्यानं होता. खाली म्हातारा आणि त्याची बायको डोरा. मी सिन्नरची. शाळा तिसरीपर्यंत, पुढं विड्या वळल्या. त्यामुळे इंग्रजी मला येत नव्हतं आणि या वयात ते येईल असंही काही वाटत नव्हतं. तो इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत बोलायचे. मीनल घरात असली तर ती मधे पडून सांगायची. नसली तरी आमचं अडायचं नाही. तो नाचाबद्दल बोलायचा आणि मी भाजीबद्दल.

जन्मभर त्यानं कारखान्यात लोखंडाचे साचे केले होते. पण त्याचं खरं काम शनिवारचं. गावातल्या एका जुन्या हॉलमध्ये नाच असायचा, त्याला कॉन्ट्रा म्हणतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. प्रत्येकाची जोडी ठरलेली. बाजूच्या जोडीबरोबर एक फेरा नाचायचा, की पुढं सरकायचं, तिथं नवी जोडी. असं करत करत माणूस अख्ख्या रांगेतल्या सगळ्यांना भेटून येतो. कुणी पाठ करून येत नाही. एक माणूस समोर उभा राहून आता हात धरा, आता फिरा, असं सांगतो. तो माणूस म्हणजे आमचा म्हातारा. आणि बाजूला पियानोवर डोरा. लग्न झाल्यापासून त्यांचं असंच चाललेलं.

माणसांनासुद्धा तो चालीवरूनच ओळखायचा. शेजारची बाई पोल्का आहे म्हणायचा, म्हणजे उड्या मारणारी चाल. टपाल टाकणारा वॉल्ट्झ, सावकाश गिरक्यांचा, म्हणून टपाल उशिरा येतं. संजूला एकदा म्हणाला, "तू परेडचा मार्च आहेस. पण बँड पुढं निघून गेलाय."

संजूनं मीनलला विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे सकाळी लवकर ऊठ," मीनल म्हणाली.

त्याच्या गाडीत बसायला सगळे घाबरायचे. चाल अर्ध्यात असली की ब्रेक मारणं त्याच्या जिवावर यायचं. सिग्नल लाल झाला की तो आधीपासूनच गाडी हळू हळू हळू करत आणायचा, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि बरोबर चाल संपताना गाडी रेषेवर टेकायची. मग माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "हां, बरोबर आहे, बाबा." दुसरं काय म्हणणार.

त्याच थंडीत डोराला लकवा झाला.

तोवर खालून रोज पियानो ऐकू यायचा. मी पोळ्या लाटायचे, ती वाजवायची. ती दवाखान्यातून परत आली तेव्हा बोलणं गेलेलं होतं. उजवा हात आधी लुळा होता, मग व्यायामानं परत आला. तोंडातून मात्र एखादाच शब्द निघायचा, तोही चुकीचा.

मला हे आजारपण माहीत होतं. माझ्या नवऱ्याला झालं होतं, संजू लहान असताना. हमाली करणारा माणूस, एका सकाळी त्याला उठताच येईना, तोंड वाकडं. बोलणं सगळं गेलं, तोंडात फक्त एक शिवी उरली. पाणी हवं असलं तरी तीच, पोरगा पास झाला म्हणून आनंद झाला तरी तीच, देवाला हात जोडतानाही तीच. तेवढ्यावर आम्ही पुढचा सगळा संसार केला. कुठली शिवी पाण्याची आणि कुठली देवाची, हे मला आवाजावरून कळायचं. मी बाजूला बसून विड्या वळायचे. लोक म्हणायचे, बाईनं फार भोगलं. भोगलं असेल. काम होतं, करत होते.

डोरा पियानोवर परत बसली तेव्हा मी खालीच होते, भाताची पेज घेऊन गेले होते. नाचाच्या सगळ्या चाली तिनं इतकी वर्षं वाजवल्या होत्या, त्यातली एकही तिच्या हाताला आठवेना. म्हातारा एकेक गुणगुणून दाखवायचा, ती नाही म्हणून मान हलवायची. मग अचानक तिचे हात भलतंच काही वाजवायला लागले. उड्या मारत, लंगडत, पण एकदम पक्कं. म्हातारा खुर्चीवर बसला.

तो रॅगटाइम होता, तिकडचं पियानोवरचं जुनं संगीत. ती लहान असताना तिच्या मावशीकडून शिकली होती. मधली सगळी वर्षं पुसली गेली आणि ते तेवढं खाली राहिलं.

म्हातारा मला नंतर सांगायचा, रॅगटाइम म्हणजे काय. डावा हात रोज वेळेवर कामाला जातो. उजवा हात उशिरा उठतो, आणि वाटेत दुसऱ्यांशी गप्पा मारतो. पण पगार दोघांना बरोबरच मिळतो. मी म्हटलं, असं घर मी पाहिलंय. मीनलनं ते त्याला सांगितलं तर तो बराच वेळ हसत होता, आणि पुढं कुणालाही रॅगटाइम समजावताना माझं नाव घ्यायचा. 'आईनं असं घर पाहिलंय,' म्हणायचा.

पहिल्या शनिवारी डोरानं हॉलमध्ये रॅगटाइम वाजवला आणि सगळ्यांची गडबड झाली.

मी तिथंच होते, मागच्या बाकावर, डोराचा कोट मांडीवर घेऊन. नाचणारे नेहमीचे, चांगले नाचणारे. पण माणसं नुसत्या सांगण्यावर नाचत नाहीत, पायानं चाल ऐकतात. नेहमीची फिडलची, म्हणजे व्हायोलिनवरची, चाल वेळेवर घरी परत येते, पाय समजतो की आता वळायचं. हा रॅगटाइम लांब लांब फिरून येतो, घर कधी आलं ते सांगतच नाही. या नाचात त्यांची एक पद्धत आहे, जोडीदाराचे हात धरून पुढं जायचं आणि जोरात पाय आपटायचा. आपटला सगळ्यांनी. पण उजवा हात तेव्हा उठलेलाच नव्हता. अर्ध्यांचा पाय आधी, अर्ध्यांचा नंतर. एक उंच माणूस भलत्याच बाईला घेऊन फिरत राहिला, तिचा नवरा रांगेत हात पसरून उभा. डोराला यातलं काही दिसत नव्हतं. ती वाजवत होती. आजारपणानंतर तिच्या तोंडावर असा उजेड मी पहिल्यांदा पाहिला.

नाच चालवायला त्यांची कमिटी होती. कमिटीची मुख्य एक रिटायर झालेली शाळेची बाई, पांढरे केस बारीक कापलेले. वाईट बाई नव्हती. आठवडाभर वाट पाहून ती घरी आली, केक घेऊन. केक आणला म्हणजे काही तरी चांगलं नाही, एवढं मला अमेरिकेत कळलं होतं. म्हणाली, डोराला आता विश्रांती द्यावी. फिडलवाली तरुण मंडळी मिळतायत.

म्हातारा म्हणाला, "खोट तिच्या वाजवण्यात नाही. मी नाच चुकीचे निवडले."

"लोक आपटतायत एकमेकांवर," बाई म्हणाली.

"मला वसंतापर्यंत वेळ दे. एक अख्खी संध्याकाळ रॅगटाइमवर. कुणी हरवलं तर फिडल आण."

बाई कबूल झाली. डोरा तिथंच बसून केक खात होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मग त्याचं माझ्या स्वयंपाकघरात येणं सुरू झालं. खाली डोरासमोर त्याला हे करायचं नव्हतं. माझ्या ओट्यावर तो कांदे-बटाटे मांडायचा. कांदे पुरुष, बटाटे बायका. दोन रांगा. तोंडानं रॅगटाइम म्हणत त्यांना फिरवायचा, दोन बटाटे एकमेकांवर आले की थांबायचा, कपाळाला हात लावायचा. मी काही करायला गेले तर म्हणायचा, "आई, थांब, तो नवरा आहे."

मी म्हणायचे, "बाबा, नवऱ्याला फोडणी द्यायचीय."

जेवायला उशीर व्हायला लागला. संजू ऑफिसातून यायचा. तेव्हा सगळ्याच कंपन्या माणसं काढत होत्या, त्याचं डोकं आधीच गरम. "आई, यार, हा माणूस आपला लँडलॉर्ड आहे की भाजीवाला?" एकदा तर रांगेतला एक कांदा त्यानं सोलून कोशिंबिरीत टाकला. म्हाताऱ्यानं पाहिलं. लसणाचा गड्डा उचलला, त्या जागी ठेवला आणि पुढं चालू केलं.

पण त्यातून त्याला एक कळत गेलं. जिथं पाय आपटायचा असतो ते नाच नकोत. जिथं चालीनं सांगायची वाट बघावी लागते ते नकोत. एका हाताला धरून फिरलं की दुसरा हात आपोआप पुढच्याच्या हातात जाऊन पडला पाहिजे, मग चाल घरी येवो न येवो. असे नाच त्यानं आठवून आठवून काढले. तरी एक जागा राहायचीच. चाल जिथून पुन्हा सुरू होते तिथं रॅगटाइम जरासा श्वास धरतो, आणि त्या जागी माणसांनी काय करायचं ते त्याला सापडत नव्हतं. पाय आपटला तर चुकतो. उभं राहिलं तर माणूस हरवतो.

बटाट्यांना श्वास नसतो म्हणून असं होतंय, असं तो म्हणाला, आणि मीनलला म्हणाला, माणसं आण.

मीनल पुण्याची. माणसं आणायला सांगितली की ती आणतेच. रविवारी सकाळी तिथल्या मराठी मंडळातली दहा-बारा पोरंपोरी बेसमेंटमध्ये, डोराच्या पियानोपाशी, जमली. सगळी कॉम्प्युटरवाली. पोह्यांचं आमिष होतं. जिन्यापाशी बुटांचा ढीग लागला. म्हातारा पाहून चकित, मग त्यानंही बूट काढले. डोरा पियानोवर. एका बाईला जोडी कमी पडली, तर म्हातारा माझ्याकडे बघायला लागला.

"मी नाही," मी म्हटलं. "माझे गुडघे बघ."

मीनल म्हणाली, "आई, उभ्या तरी राहा. रांग पुरी होईल."

उभी राहिले. विड्या वळताना उभं राहायला मिळायचं नाही, इथं बसू देत नव्हते.

सुरू झालं. नागपूरचा एक वैद्य नावाचा मुलगा माझ्या समोर आला, बायकोला घेऊन. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, नवीन माणूस समोर आला की त्याचे हात धरा. हा वाकला आणि माझ्या पाया पडला. मंडळात पहिल्यांदाच भेटत होतो ना. त्याच्या मागं त्याची बायकोही वाकली. मी म्हटलं, "सुखी राहा." मग हात धरले, फिरलो, ते पुढं गेले. पुढची जोडी आली, तीही वाकली. एकानं केलं की दुसऱ्याला न करून चालत नाही. प्रत्येक फेऱ्याला नवी जोडी, प्रत्येक जोडी खाली. बाकीची रांग थांबून बघायची.

संजू पलीकडून ओरडला, "अरे नाचा, ती काय देवळातली मूर्ती आहे का?"

"मोठ्या आहेत यार, न करून कसं चालेल?" वैद्य म्हणाला.

मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचं सगळं बिघडवलं आम्ही. त्याच्याकडे पाहिलं तर तो डोळे मिटून उभा होता, जिन्यात उभा राहतो तसा. हातानं म्हणाला, चालू ठेवा, चालू ठेवा. डोरा वाजवत होती. पोरं वाकायची, चाल श्वास धरायची, पोरं उठायची, चाल सुरू व्हायची. कुणीही चुकत नव्हतं. आमच्यातला एकही जण आयुष्यात नाचलेला नव्हता.

मग त्यानं मीनलला सांगितलं, पूर्वी इकडेही असंच होतं. जोडीदारापुढं वाकून मग नाच सुरू व्हायचा. ज्यांच्यात ते होतं ते नाच जुने झाले, लोकांना पाय आपटायला आवडायला लागलं, म्हणून तो स्वतःही ते सांगायचा बंद झाला होता. "मी नवीन शोधत होतो," म्हणाला. "जुने मलाच आठवत नव्हते." पोहे त्यानं उभ्यानंच खाल्ले.

वसंतातल्या त्या ठरलेल्या संध्याकाळी हॉल भरला होता. केकवाली बाई दाराशी हाताची घडी घालून. म्हाताऱ्यानं बो टाय लावला होता. पहिल्यांदा वाका म्हटलं तेव्हा लोक हसले. एकानं टोपी नसताना टोपी काढली. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला हसणं थांबलं. पुढं ते त्यांना आवडायलाच लागलं, दोन्ही रांगा एकदम खाली जायच्या आणि एकदम वर. तो मागचा उंच माणूस सगळ्यात खाली वाकत होता. अख्ख्या संध्याकाळीत कुणी भलत्याच्या बायकोला घेऊन गेलं नाही.

शेवटच्या नाचाला घोटाळा झाला. नाच संपवायचा असला की म्हातारा आधी एक पाय उचलून दाखवायचा, म्हणजे वाजवणाऱ्यानं ओळखायचं की हा शेवटचा फेरा. त्यानं पाय उचलला. डोरानं पाहिलंच नाही. ती वाजवत राहिली. पुन्हा उचलला. एका पायावर असा तो उभा, पियानोकडे तोंड करून. रांगा फिरतायत, घामानं भिजल्यायत, म्हातारी जोडपी एकेक करून बाकावर येऊन बसतायत. तो हातानं तिला थांबवू शकला असता. नाही थांबवलं. पाय खाली घेतला आणि पुन्हा सांगायला लागला, वाका. ती थांबली तेव्हा थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कमिटीच्या बाईकडे पाहिलं. तीही वाजवत होती, पण हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा वर आला. जिन्यात न थांबता आला, म्हणून मीच दाराशी पोचले नव्हते. कमिटीचा निरोप आला होता. कुणी हरवलं नाही हे खरं. पण डोराला थांबवता येत नाही हेही खरं. तेव्हा फिडलवाले येतील, आणि डोरानं दर शनिवारी एक नाच वाजवावा, मधल्या सुट्टीनंतर. एकच.

"मी नाही म्हणून कळवणार," तो म्हणाला. "ही भीक आहे. इतकी वर्षं तिनं त्यांचा हॉल चालवला. आता आम्ही जाणारच नाही. मीही नाही."

मीनलनं मला सांगितलं. तो खुर्चीत बसून ओट्याकडे बघत होता. तिथं काही मांडलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "तिला विचारलं का?"

मीनलनं विचारलं. तो म्हणाला, तिला काय विचारायचं, तिला दुखेल.

मी म्हटलं, "त्याला सांग, माझा नवरा खाटेवर असायचा, जागा, ऐकत. आणि आलेला माणूस मला विचारायचा, यांना चहा चालतो का. त्याला कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा पुढं पुढं विचारायचं सोडून दिलं, वेळ वाचायचा म्हणून. त्याला चहा आवडायचा की नाही हे मला आजही नक्की माहीत नाही."

मीनलनं सांगितलं त्याला, सगळं.

तो उठून खाली गेला. आम्ही दोघी तशाच उभ्या. बराच वेळ खालून काही आलं नाही. मीनल म्हणाली, "आई, उगाच बोललात का?" मी कणीक भिजवायला घेतली. मग पियानो वाजला. एक रॅगटाइम थोडासा वाजून थांबला. दुसरा, तोही थोडासा. तिसरा. भाजीवाल्यापुढं कुणी एकेक वांगं दाबून बघावं तसं. मग एक आला, तो थांबला नाही. तो मी आधी कधी ऐकलेला नव्हता. यात डावा हातही वेळेवर कामाला जात नव्हता.

तो वर आला तेव्हा संजू नुकताच उठून चहा घेत होता. म्हातारा दारातच उभा राहिला.

"एक नाच म्हटल्यावर तिनं मान डोलवली," म्हणाला. "लगेच. मग तिनं स्वतःच निवडलं. आता दुसरा वाजवायला तयार नाही."

"मग चांगलं झालं की," मीनल म्हणाली.

"हा नाचायचा नाहीच. यावर कुठलाच नाच बसत नाही. कुणालाही विचारा."

"मग तिला दुसरा निवडायला सांगा," संजू म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू या पोराला अजून बायको म्हणजे काय ते कळलेलं नाही. मग शनिवारला किती वेळ आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितलं आणि बूट काढले.

"सोफा जरा भिंतीकडे सरकव," संजूला म्हणाला.